भाग ४२ : फ्रिज नाही, गॅस नाही, दूध-तूप नाही, मग डब्यात काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना मी 'म्हणजे' आणि 'बेसिकली' फार वापरतो, ते जमतील तेवढे काढलेत. बाकी बोलणं बोलल्यासारखंच ठेवलंय.

आजचा विषय प्रवासातल्या डब्याचा. त्यातही असा डबा, ज्यात दूध, दही, तूप, पनीर काही नाही, जो फ्रिजशिवाय टिकला पाहिजे आणि खाताना शिजवायची किंवा गरम करायची गरज पडू नये. मी साडेचार वर्षांपूर्वी दुधाचे पदार्थ सोडले. का सोडले त्यावर वेगळा भाग झालाय, आज ते नको. आज मी स्वतः केलेल्या एका चुकीबद्दल सांगणार आहे, कारण त्या चुकीमुळेच मी या विषयाच्या मागे लागलो.

मागच्या मे महिन्यात मी आणि आई पुण्याहून आऱ्याला निघालो होतो. आरा म्हणजे बिहारमध्ये, पाटण्याच्या थोडं अलीकडे. माझ्या कॉलेजच्या रूममेटचं लग्न. त्याची आई आणि माझी आई दर दिवाळीला फोनवर बोलतात, एकीचं हिंदी दुसरीला अर्धंच कळतं, पण बोलतात. त्यामुळे आईलाही यायचं होतं. दानापूरची गाडी पुण्याहून रात्री निघते, दुसरा अख्खा दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बिहारमध्ये पोचते. दोन रात्री आणि मधला एक दिवस. एसीचं तिकीट वेटिंगवरच राहिलं, म्हणून स्लीपर.

आईचं माहेर सोलापूरचं. ती म्हणाली, "कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊ, बाकी काही नको." मी म्हटलं, "आई, दोन दिवस कोरडं कोरडं काय खायचं? मी करतो सगळं, तू बस." आणि मी जे केलं ते असं : बटाट्याची भाजी, पोळ्या, छोल्यांचं हुमूस लावलेले रोल, ओल्या नारळाची चटणी आणि मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर. सगळं ताजं, सगळं 'हेल्दी'. संध्याकाळी साडेपाचला गरम गरम भरलं, झाकणं घट्ट लावली, डबे पिशवीत, पिशवी बॅगेत.

आईला डायबेटिस आहे. जेवणाआधी घ्यायची एक गोळी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिनं ती घेतली आणि म्हणाली, "काढ डबा." मी पहिला डबा उघडला तर झाकण फुस्स करून वर आलं. हुमूस आंबलं होतं. नारळाची चटणी विटलेली. बटाट्याच्या भाजीत चमचा घातला तर तार सुटली. पोळ्या खालून ओल्या गच्च होऊन एकमेकींना चिकटलेल्या. मटकीला कसला तरी कुबट वास. सोळा तासांत पाचच्या पाच पदार्थ गेले.

गाडी तेव्हा इटारसीच्या अलीकडे सिग्नलला उभी होती. चहावाला मघाशीच येऊन गेलेला. मी म्हटलं, स्टेशन आलं की काहीतरी घेऊ. स्टेशन येईना. पाऊण तासानं आईच्या कपाळावर घाम आला. मे महिना, स्लीपरचा डबा, घाम सगळ्यांनाच होता, त्यामुळे मला कळायला वेळ लागला. मग तिचे हात थरथरायला लागले. शुगर मोजायचं यंत्र बॅगेत होतं. आकडा आला ६१. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर उतरलेली. आणि माझ्याकडे पाच डबे भरून अन्न होतं, ज्यातलं काहीही तिला देता येत नव्हतं.

समोरच्या बर्थवर आऱ्याच्याच एक चाची होत्या. त्यांनी काही न विचारता पोटली सोडली, गुळाचा खडा काढून आईच्या हातावर ठेवला. पंधरा-वीस मिनिटांनी आई जरा सावरली, आकडाही वर आला. मग चाचींनी स्टीलच्या पेल्यात सत्तू घातला, वर बाटलीतलं पाणी, मीठ, लिंबू पिळलं, बोटानंच ढवळून दिलं. नंतर मलाही एक पेला. माझ्या पाच डब्यांपुढे त्यांची ती पोटली दोन दिवसांपूर्वी बांधलेली होती आणि आणखी महिनाभर तिला काही झालं नसतं.

बग कुठे होता

आमच्या कामात काही पडलं की आधी लॉग बघतात, कुणाची चूक ते नंतर. तर मी परत आल्यावर हेच केलं. पहिलं उत्तर सगळे देतात ते म्हणजे 'उन्हाळा होता'. खरं आहे, पण अर्धंच. चाचींचा सत्तू त्याच उन्हाळ्यात, त्याच डब्यात, माझ्या बॅगेपासून चार फुटांवर होता. उन्हाळा दोघांना सारखाच. फरक पाण्याचा होता.

अन्न खराब करणारे जिवाणू आपल्यासारखेच आहेत, त्यांना प्यायला पाणी लागतं. पण पदार्थात एकूण किती पाणी आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी त्यांना मोकळं मिळतं हे महत्त्वाचं. अन्नशास्त्रात याला 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. शून्य ते एक अशी पट्टी. शुद्ध पाणी म्हणजे १. शिजवलेला भात, उसळ, बटाट्याची भाजी, हुमूस हे सगळे ०.९५ च्या वर, म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीनं स्विमिंग पूल. बहुतेक जिवाणूंना ०.९१ च्या वर लागतं. आपल्या हातावर, नाकात असणारा स्टॅफिलोकॉकस चिवट, तो साधारण ०.८६ पर्यंत तग धरतो. बुरशी आणखी खाली जाते. आणि ०.६ च्या खाली कुणीच वाढत नाही. मरतीलच असं नाही, पण वाढत नाहीत. गंमत म्हणजे ओलं दिसणारं सगळंच या पट्टीवर वर नसतं. मुरांबा ओलाच असतो, पण त्यातलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं. भरपूर मिठाच्या लोणच्याचंही तसंच. मध वाहतो, तरी टिकतो.

दुसरी गोष्ट वेळ आणि तापमान. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा. म्हणजे आपण घरात, गाडीत, ऑफिसात जिथं जिथं असतो ते सगळं त्यातच येतं. एसीचा डबा चोवीस अंशाला असतो, म्हणजे तोही यातच. एसी डबा म्हणजे फ्रिज नव्हे. या पट्ट्यात शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा सर्वसाधारण नियम आहे. हे फार कडक वाटतं, मलाही वाटलं. मग मी गणित केलं. सगळं मनासारखं मिळालं तर काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट. एकाचे २ लाख ६२ हजार. माझा डबा सोळा तास होता.

आणि मी गरम भरून झाकण लावलं, ही त्यावरची कडी. वाफ झाकणाला लागून पाणी झाली, पाणी पोळ्यांवर पडलं. बटाट्याची घट्ट भाजी आतून तासन्‌तास कोमट राहिली. अगदी अंडी उबवायच्या यंत्रासारखी.

इथं एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण ती उलटी आहे. माझे डबे वास मारत होते हे आमचं नशीब होतं. वास, तार, आंबट चव ही सगळी नासवणाऱ्या जंतूंची कामं. आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा वास देतच नाहीत. भाताचं उदाहरण घ्या. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात, ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यातले काही असं विष सोडतात की नंतर भात कितीही गरम केला तरी ते जात नाही. भात दिसतो चांगला, लागतो चांगला, आणि दोन-तीन तासांनी उलट्या. म्हणून 'वास घेऊन बघ, चांगला असला तर खा' ही चाचणी मी आता मानत नाही. लिंबूभात, पुलाव, चित्रान्न यांना माझ्या लांबच्या डब्यात जागा नाही. सकाळी करून दुपारच्या आत संपवणार असाल तर ठीक.

स्वयंपाक आधीच झालेला असतो

आता सत्तूकडे परत येतो, कारण मला जे खरं कळलं ते तिथं. सत्तू म्हणजे हरभरे भाजून केलेलं पीठ. भाजणं म्हणजे काय? शिजवणं आणि पाणी काढून टाकणं, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे स्वयंपाक घरीच झालाय, फक्त पाणी मागे ठेवलंय. खायच्या क्षणी पाणी परत घालायचं आणि लगेच संपवायचं. प्रोग्रामिंगमध्ये याला लेझी इव्हॅल्युएशन म्हणतात, गरज पडेपर्यंत काम पुढे ढकलायचं. चाचींना हा शब्द माहीत असायचं कारण नाही, आणि मला शब्द माहीत असून उपयोग झाला नव्हता.

एकदा हे डोक्यात बसलं की आपलं स्वयंपाकघर वेगळंच दिसायला लागतं. पोहे घ्या. भात भिजवून, भाजून, मग चेपून पोहे होतात, म्हणजे ते कच्चे नसतातच. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, पंढरपुरी डाळं, सगळं भाजलेलं किंवा फुलवलेलं. मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळी-तांदूळ-मसाल्यांचं पीठ. आपल्याकडचं सातूचं पीठ, गहू आणि डाळं भाजून, वेलची घालून, हेही त्याच जातीचं. दुधात कालवायची सवय असते, पण गुळाच्या पाण्यात ते उलट जास्त चांगलं लागतं असं माझं मत आहे. आणि यातलं काहीही दुधाचं नाही. मी 'व्हीगन ट्रॅव्हल फूड' शोधत महागडे बार मागवत होतो, आणि आमच्या वाण्याकडे अर्धं दुकान त्यानंच भरलेलं होतं.

एक सावधगिरी. भाजलेलं पीठ आणि कच्चं पीठ यात गल्लत करू नका. कच्चं बेसन किंवा कणीक पाण्यात कालवून खाण्याची वस्तू नाही. ओट्स चालतात, कारण चपटे ओट्स वाफवलेले असतात.

आणि मोड आलेली कडधान्यं. आपल्यासारख्यांच्या डब्यात ती असतातच, प्रोटीन म्हणून. पण मोड येण्यासाठी जे लागतं, ऊब आणि ओल, तेच जिवाणूंना लागतं. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली होती, पन्नासहून जास्त माणसं दगावली, आणि माग काढत गेल्यावर संशय जाऊन थांबला तो मेथीच्या मोडांवर. घरी मोड काढून, नीट शिजवून, लगेच खा. प्रवासात कच्चे मोड मी बंद केले. त्यांच्या जागी फुटाणे आणि शेंगदाणे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, फुटाण्यात २० च्या आसपास. फक्त शेंगदाणे निवडून घ्या. बुरशी आलेला, काळपट, सुरकुतलेला दाणा भाजल्यानं सुधारत नाही, बुरशीचं विष भाजण्यातही बऱ्यापैकी टिकतं.

भाकरी, पोळी आणि त्यांची भावंडं

आता आईची कडक भाकरी. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी : सोलापूर आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात ज्वारी किंवा बाजरीची पातळ भाकरी भाजून, मग मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत कडक करतात. पापडासारखी मोडते. पाणी जवळजवळ नाही, म्हणून कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे राहते. शेंगाची चटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ, तेल सुटेपर्यंत कुटलेले. भाकरी चुरायची, चटणी घालायची, वर कच्चं तेल आणि कांदा. खरं सांगायचं तर कोरडं कोरडं लागत नाही, मी बोललो होतो ते अज्ञानातून.

साधी पोळी एक दिवसाची सोबती. तेल घालून घट्ट कणीक, नीट भाजलेली, कापडावर एकेक पसरून पूर्ण गार केलेली, मग कापडात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी ती खात नाही. तिखटामिठाच्या पुऱ्या जास्त टिकतात कारण तळताना पाणी उडून जातं, दोन दिवस तर आरामात. पुऱ्या जरा कडकच तळायच्या, मऊ फुगलेल्या नाही. दशमीचं मला वाईट वाटायचं, कारण ती दुधात भिजवतात. पण गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, थोडं जास्त तेल घालून केली तर गुळामुळे मऊपणा टिकतो, आणि आमच्या घरी तरी आता कुणी दुधाची मागत नाही. ठेपले करताना दही वगळा आणि ताज्या मेथीऐवजी कसुरी मेथी घाला. ताज्या पाल्याबरोबर पाणी आत येतं. खाकरा म्हणजे गुजरात्यांची कडक भाकरीच, त्याला काही सांगायला नको.

चटण्यांबद्दल जरा जास्त

डब्याची चव चटणीत असते, त्यामुळे इथं घाई नको.

शेंगदाणा, तीळ, कारळं, जवस, सुकं खोबरं, या कोरड्या चटण्या जिवाणूंपासून सुरक्षित. त्यांचा शत्रू वेगळा, खवटपणा. तेलबियांतलं तेल हवा, ऊन आणि उष्णतेनं खवट होतं. जवस यात सगळ्यात नाजूक. म्हणून जवसाची चटणी निघायच्या आदल्या दिवशी थोडीच करायची, बाकीच्या आठवडाभर आधी केल्या तरी चालतात. लहान डबी, काठोकाठ भरलेली, म्हणजे आत हवा कमी. आणि ओला चमचा घालायचा नाही. आजी ओरडायची त्यामागं हेच होतं, एक ओला चमचा म्हणजे कोरड्या डबीत पाण्याचं इंजेक्शन.

आता ठेचा. ओल्या मिरच्या, लसूण, वर तेल ओतून बाटलीत भरलेला ठेचा बरेच जण 'तेलात आहे, टिकेल' म्हणून नेतात. मी पण नेत होतो. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेरच्या तापमानाला ठेवणं हे धोक्याचं आहे, कारण तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही, ओल आहे, आणि बोट्युलिझमचा जिवाणू नेमकं हेच शोधत असतो. दुर्मीळ आजार आहे, पण झाला तर जिवावर बेततो. वास येत नाही, चव बदलत नाही. ठेचा खायचाच तर ताजा करून त्याच दिवशी. लसणाची कोरडी, लाल तिखट-खोबऱ्याची चटणी खुशाल न्या, तिथं पाणीच नाही. हेच तत्त्व घरी व्हॅक्यूम पॅक करणाऱ्यांना. हवा काढली म्हणजे अन्न टिकलं असं नाही. कोरडं असेल तर टिकेल, ओलं असेल तर तुम्ही फक्त दुसऱ्या जंतूची सोय केलीत.

विमानाचं एका वाक्यात : ओली चटणी, लोणचं हे हँडबॅगेत द्रवासारखं मोजलं जातं, आणि सुकं खोबरं स्वतःहून तापू शकणाऱ्या मालात मोडतं म्हणून त्यावर बंधनं असतात, तेव्हा तिकीट काढलंय त्या कंपनीला आधी विचारा. खोबरं पेट घेऊ शकतं हे मला तिशीला टेकताना कळलं.

ओलं हवंच असेल तर

दोन दिवस नुसतं कोरडं खाऊन घसा धरतो, पोटही धरतं. ओलं हवंच. उपाय सोपा आहे, निसर्गानं सील केलेलं ओलं घ्या. अख्खी काकडी, अख्खा कांदा, लिंबू, कैरी, केळी. साल शाबूत आहे तोवर आत कुणी शिरत नाही. घरी धुऊन, पुसून कोरडी करून भरा, चिरायचं मात्र खाताना. चिरलेलं फळ डब्यात नेणं म्हणजे सील फोडून नेणं.

आणि इथंच माझा आवडता पदार्थ येतो, दडपे पोहे. कोकणात पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, काकडी, लिंबू घालून दडपून ठेवतात, भाज्यांच्या रसातच पोहे मऊ होतात. गॅस लागत नाही. प्रवासातली माझी आवृत्ती : पातळ पोहे घरी कढईत हलके परतून, गार करून पिशवीत. वेगळ्या छोट्या बाटलीत मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या आणि शेंगदाण्यांची तेलातली फोडणी, पूर्ण गार केलेली. कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळायचा, नाहीतर ओल राहते. हिरवी मिरची, लसूण नाही, कारण वर सांगितलं. गाडीत कांदा, काकडी, मे महिना असेल तर कैरी चिरायची, पोह्यांत मिसळायची, मीठ, चिमूटभर गूळ, लिंबू. दहा मिनिटं झाकण. वरून फोडणी. ओलं खोबरं मात्र सोडून द्या, ते उन्हाळ्यात लगेच विटतं, त्याऐवजी सुकं किसलेलं. दोघांचं पोट भरायला १५० ग्रॅम पोहे पुरतात. केलेलं उरवायचं नाही, पाणी लागलं की घड्याळ सुरू झालं.

पाण्याबद्दल इतकंच, की न शिजवता खाताय म्हणजे ज्या पाण्यात कालवताय ते पिण्याचंच हवं, आणि हात धुतलेले. चाचींनी बोटानं ढवळलं होतं हे मला आठवतंय, तेव्हा मी काही बोलण्याच्या परिस्थितीत नव्हतो. मी आता लांब चमचा नेतो.

पावसाळी ट्रेकवाल्यांसाठी जरा वेगळं. सह्याद्रीत जुलैत पदार्थ उन्हानं नाही, हवेनं बिघडतो. चुरमुरे, खाकरा, कडक भाकरी तासाभरात सादळतात. सादळलेलं लगेच वाईट होत नाही, पण त्यानं पाणी परत घेतलेलं असतं, त्यामुळे त्याचं आयुष्य कमी झालं असं समजा. एका वेळेपुरत्या छोट्या पिशव्या करा आणि एका वेळी एकच उघडा.

शुगरच्या औषधावर असलेलं कुणी सोबत असेल तर शेवटचं. गोळीच्या वेळा आणि जेवणं यांचं निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. शुगर ७० च्या खाली गेली तर पटकन चढणारी साखर लागते, साधारण १५ ग्रॅम. साखर, गूळ, ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, अजून खाली असेल तर परत तेवढंच. माणूस नीट गिळू शकत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, तातडीनं वैद्यकीय मदत घ्या. चिक्की, शेंगदाण्याचा लाडू पहिल्यांदा नको, त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात हळू जाते. ते नंतर, सत्तूबरोबर. आणि गूळ बॅगेत नव्हे, खिशात ठेवा. माझ्याकडे तेव्हा बॅगेत पाच डबे होते आणि खिशात काहीच नव्हतं.

आणि आमच्या घरचा एक बदल म्हणजे, डबा उघडून, खाण्यासारखा आहे हे बघितल्याशिवाय आई आता ती गोळी घेत नाही. तिनंच ठरवलं.

परतीच्या प्रवासात रूममेटच्या आईनं दोन किलो सत्तू बांधून दिला. पुण्याला पोचेपर्यंत आई त्यात कांदा, कैरी आणि शेंगाची चटणी घालून बघायला लागली होती. पुढच्या महिन्यात आम्ही परत निघतोय, यंदा बाळाच्या बारशाला, तीच गाडी. यादी फ्रिजवर चिकटवलीय : कडक भाकरी बारा, शेंगाची चटणी पाव किलो, पातळ पोहे ३०० ग्रॅम, फोडणीची बाटली, सत्तू अर्धा किलो, फुटाणे, खजूर, गूळ दोन ठिकाणी, चार काकड्या, चार कांदे, सहा लिंबं. खाली आईच्या अक्षरात लिहिलंय, "हुमूस नको."